दर्शनी बाजूला हात लावण्याआधी : वारसा परिसरातील घरांविषयी वाचकांचे प्रश्न

वारसा परिसरात घर असलेल्या वाचकांची पत्रे बहुधा उशिरा येतात. काम सुरू झालेले असते, जुनी खिडकी भंगारात गेलेली असते आणि मग नोटीस हातात पडते. तोपर्यंत जुने माप कुणाकडेच नसते. म्हणून या वेळच्या उत्तरांत मोजमाप आणि कागदपत्रांवर जास्त भर दिला आहे.

प्रश्न : गिरगावातल्या वारसा यादीतील वाडीत आमचे दुमजली घर आहे. गल्लीकडच्या सहा सागवानी खिडक्या खालून कुजल्या आहेत. कंत्राटदार म्हणतो, अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवू, तपकिरी रंग दिला की कुणाला कळणार नाही. परवानगी मिळेल का?

गल्लीकडच्या बाजूला मिळण्याची शक्यता फार कमी, आणि ती मागूही नये असे आमचे मत आहे. खरी अडचण रंगाची नाही. जुन्या झडपेची उभी पट्टी ६० ते ७५ मिलिमीटर रुंद असते, काच तिच्यात मागे बसलेली असते आणि अख्खी झडप भिंतीच्या पृष्ठभागापासून आत असते. त्यामुळे खिडकीत सावली पडते. सरकत्या खिडकीत पट्ट्या बारीक, दोन काचा दोन वेगळ्या पातळ्यांवर आणि सावली नाहीशी. शिवाय ती निम्मीच उघडते. झडपा पूर्ण उघडल्यावर जो वारा घरात येतो, तो अर्धा बंद होतो आणि मग एसी लावावा लागतो.

कुजले आहे किती, ते आधी तपासा. बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन तळापासून वर टोचत जा. तो सहज ५-६ मिलिमीटर आत गेला तर ते लाकूड गेले. बहुतेक खिडक्यांत खालची आडवी पट्टी आणि उभ्या पट्ट्यांचा खालचा १०० ते १५० मिलिमीटर भाग कुजलेला निघतो, वरचे लाकूड ठणठणीत असते. इतके घट्ट दाण्याचे जुने सागवान आज वखारीत सहज मिळत नाही. ते फेकू नका.

कुजका भाग तिरका कापून तेवढाच तुकडा जोडायचा. सांध्याची लांबी लाकडाच्या जाडीच्या निदान तिप्पट ठेवा आणि तिरका काप असा घ्या की पाणी बाहेरच्या बाजूला उतरेल. काप आत उतरता राहिला तर दोन पावसाळ्यांत सांधा उघडतो. नवा तुकडा सागवानाचाच, दाणे त्याच दिशेला, लाकूड पुरते वाळलेले. पाण्यात टिकणारा इपॉक्सी गोंद आणि लाकडी खुंट्या किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा. साधे लोखंडी खिळे नकोत. मुंबईच्या हवेत ते गंजतात, फुगतात आणि लाकूड चिरतात. बसवण्याआधी तुकड्याला सगळ्या बाजूंनी प्रायमर द्या, कापलेल्या टोकांना दोन हात, कारण पाणी तिथूनच चढते.

खिडकीच्या खालच्या बाहेर आलेल्या पाटाला खालून हात फिरवून बघा. कडेपासून १५ मिलिमीटर आत साधारण ६ मिलिमीटर रुंद व तितकीच खोल खाच असायला हवी. पाटावरून आलेले पाणी त्या खाचेशी तुटून खाली पडते. वर्षानुवर्षांच्या रंगाने ती बुजलेली असते, मग पाणी उलटे भिंतीकडे सरकते आणि तळ कुजतो. खिडकी दुरुस्त केली आणि खाच मोकळी केली नाही, तर कारण तसेच राहिले. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासू नका. ओले करून खरवडा आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

आता परवानगी. मुंबईत वारसा नियमावली १९९५ पासून लागू आहे आणि सध्याच्या विकास नियंत्रण नियमावली २०३४ मध्ये तिचे नियम ५२ व्या कलमात आहेत. श्रेणी १, २अ, २ब, ३ आणि परिसर असे तिचे टप्पे आहेत. श्रेणी १ मध्ये अत्यावश्यक नसेल तर बाहेरूनही बदल नाही आणि आतूनही नाही. श्रेणी ३ मध्ये परिसराचे रूप न बिघडवता बराच वाव. तुमचे घर केवळ परिसरात आहे की स्वतंत्रपणेही यादीत आहे, हे यादी उघडून बघा. दोन्ही असू शकते. वारसा समिती सल्ला देते, परवानगी महापालिकेची असते. 'आहे तशीच दुरुस्ती' असली तरी प्रत्येक खिडकीला क्रमांक, फोटो आणि मापे असलेला तक्ता जोडून महापालिकेच्या वारसा कक्षाला लेखी कळवा आणि पोच घ्या.

प्रश्न : आमच्या वाडीतल्या रहिवाशांच्या समितीत मी आहे. शेजारच्या मालकाने दर्शनी बाजू बदलून वर मजला चढवण्याचा प्रस्ताव केला आहे आणि आमचे मत मागितले आहे. नकाशे हातात आहेत, पण काय बघायचे ते कळत नाही.

तुमचे मत म्हणजे परवानगी नव्हे, पण नीट लिहिलेले मत वारसा समितीला फार उपयोगी पडते. 'आमचा विरोध आहे' एवढ्या वाक्याने काहीच हलत नाही.

आधी फोटो मागा : गल्लीच्या दोन्ही टोकांकडून, समोरून सरळ, आणि समोरच्या घराच्या पहिल्या मजल्यावरून. मग आजची आणि प्रस्तावित दर्शनी बाजू एकाच प्रमाणात, शेजारी शेजारी काढलेली हवी. १:५० चे प्रमाण असावे. खिडकी, कठडा, वळचण यांचे तपशील १:१० किंवा १:५ मध्ये. आणि सगळ्यात महत्त्वाचा नकाशा जो बहुतेक प्रस्तावांत नसतोच : दोन्ही बाजूंची निदान दोन-दोन घरे दाखवणारी गल्लीची संपूर्ण रेषा.

त्या नकाशावर पट्टी ठेवून चार आडव्या रेषा ओढा. जोते, मजल्याची पातळी, वळचण आणि आढे (छपराचा माथा). जुन्या घरांत मजल्याची उंची ३.३ ते ३.६ मीटर असते, नव्या बांधकामात २.९ च्या आसपास. म्हणजे नवे घर जुन्याइतकेच उंच दाखवले तरी त्याच्या खिडक्या शेजाऱ्यांच्या खिडक्यांशी कुठेच जुळत नाहीत. खिडक्यांचे प्रमाणही मोजा. जुनी खिडकी उभी, रुंदीच्या जवळपास दुप्पट उंच. प्रस्तावात ती आडवी झाली असेल तर ते लिहा, मापासह लिहा.

नकाशावर 'जुन्याप्रमाणे' असा शेरा दिसला की तिथे थांबा. जुने कोणते, किती रुंद, किती जाड, कशाचे? मापे नसतील तर त्या शेऱ्याला अर्थ नाही, कारण जुने तोडल्यावर तपासणार कशाशी? ओतीव लोखंडाच्या कठड्याचे उदाहरण घ्या. जुना कठडा बऱ्याचदा ७५ ते ८० सेंटिमीटर उंच असतो, आजच्या सुरक्षेच्या नियमाला निदान १ मीटर लागतो. एवढ्या कारणावरून जुना कठडा काढून पत्र्याची नवी नक्षी बसवलेली दिसते. त्याऐवजी जुना कठडा जागेवर ठेवून त्याच्या मागे आतल्या बाजूला, लागेल त्या उंचीवर एक बारीक गडद रंगाची लोखंडी दांडी बसवता येते. समोरून ती जवळपास दिसत नाही आणि नियमही पाळला जातो. असा तोडगा मतात सुचवला तर मालकालाही तो घेणे सोपे जाते.

उंचीबद्दल वाद असेल तर मालकाला जागेवर बांबू उभे करायला सांगा : प्रस्तावित वळचणीच्या आणि आढ्याच्या उंचीवर रंगीत फडकी बांधून. मग सगळ्यांनी गल्लीच्या तोंडाशी उभे राहून बघावे. कागदावर दीड मीटर जास्त दिसत नाही. अरुंद गल्लीत ते आकाशाचा मोठा भाग खाते. वाढीव मजला दर्शनी बाजूपासून पुरेसा मागे घेतला तर कित्येकदा तो गल्लीतून दिसत नाही, आणि मग त्याला हरकत घेण्याचे कारण उरत नाही.

मालकाला मजला कशासाठी हवा, तेही विचारा. गळती आणि संडास-न्हाणीची सोय, ही दोन कारणे फार वेळा निघतात आणि दोन्ही मागच्या बाजूला सुटू शकतात. आतल्या स्वयंपाकघराच्या रचनेवर, मागच्या चौकातल्या पाइपांवर हरकती लिहीत बसू नका; त्याने तुमच्या दर्शनी बाजूच्या मुद्द्यांचे वजन कमी होते.

अटी मात्र सुचवा : गिलाव्याचा आणि रंगाचा १ मीटर बाय १ मीटर नमुना आधी भिंतीवर करून दाखवणे, उतरवलेले लाकूडकाम क्रमांक घालून जागेवरच ठेवणे, आणि तोडकाम झाल्यावर पुढचे काम सुरू होण्याआधी एक पाहणी. भिंत उघडल्यावर कुजलेले खांब निघतात आणि त्या क्षणी 'आता सगळेच पाडू' हा निर्णय तोंडी होतो. ती पाहणी अटीत असेल तर निर्णय कागदावर येतो.

प्रश्न : पुण्यात शनिवारवाड्यापासून साधारण ८० मीटरवर आमचा जुना वाडा आहे. छपराचे वासे वाकले आहेत, दर्शनी सज्जा झुकला आहे. महापालिकेकडे जायचे की पुरातत्त्व खात्याकडे? छप्पर उतरवून स्लॅब टाकता येईल का?

दोन्हीकडे जावे लागेल आणि स्लॅब टाकता येणार नाही.

शनिवारवाडा केंद्राच्या संरक्षित स्मारकांत आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. अंतर स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून मोजतात, तेव्हा ते ८० मीटर कुठून मोजले ते पक्के करा. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम नाही आणि जुने पाडून त्याच मापाचे पुन्हा बांधणेही नाही. दुरुस्ती व नूतनीकरणाला मात्र अर्ज करता येतो, वाडा १६ जून १९९२ च्या आधीचा असेल तर. तुमचा असणारच, पण ते सिद्ध करणारे कागद जोडावे लागतात : मालमत्ता पत्रक, जुन्या मिळकत कराच्या पावत्या, जुने खरेदीखत, वाडा दिसणारे तारखेचे फोटो.

अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जातो. त्याने १५ दिवसांत तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने २ महिन्यांत मत द्यायचे आणि त्यानंतर १ महिन्यात निर्णय, असे कायद्यात आहे. कागद अपुरे असले की हे सगळे लांबते, म्हणून पावसाळ्याआधी छप्पर करायचे तर अर्ज दिवाळीच्या सुमारास गेला पाहिजे. विनापरवाना काम झाल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अर्जात 'नूतनीकरण' असा मोघम शब्द न टाकता किती वासे, किती रीप (कौले टेकतात त्या आडव्या पट्ट्या), सज्जाचे किती खण, हे आकड्यांत लिहा.

कौले उतरवताना आढ्यापासून खाली या. मंगळुरी कौले चौरस मीटरला साधारण १५ लागतात, त्यावरून किती हाताळायची ते काढा. प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवा : खणखणीत वाजले तर ठेवा, बद्द वाजले तर त्यात चीर आहे. कौलाच्या पाठीवर कारखान्याचा ठसा असतो, तो बघून ठेवा, कारण दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत आणि फट राहते. कमी पडणारी कौले त्याच ठशाची, जुन्या मालातून घ्या. रिपांचे अंतर पुस्तकातून घेऊ नका. हातातली दहा कौले जमिनीवर एकात एक अडकवून मोजा आणि ते अंतर ठेवा.

गळती थांबावी म्हणून कौलांखाली प्लाय आणि त्यावर जलरोधक थर घालण्याची पद्धत आहे. त्याने छप्पर ४०-५० मिलिमीटर वर येते आणि वळचणीची कड जाड दिसते. तुमच्या ठिकाणी उंचीतला तेवढा फरकही प्रश्न निर्माण करील. तो थर हवाच असेल तर नकाशात आधी दाखवा.

सज्जाला हात लावण्याआधी टेकू द्या. वाड्याच्या दर्शनी बाजूचा भार लाकडी खांब आणि तुळयांवर असतो, मधली वीट नुसती भरलेली असते. सज्जा झुकण्याचे मूळ बरेचदा खाली, खांबाच्या पायाशी सापडते. खांब दगडी तळखड्यावर उभा असतो. पुढे फरशी वाढत वाढत तळखड्याच्या वर आली की खांबाचा पाय ओलीत उभा राहतो आणि कुजतो. तेवढा पाय कापून पायरीच्या सांध्याने नवे सागवान जोडा आणि फरशी तळखड्याखाली उतरवा. पाय दुरुस्त केला नाही तर वर नवे हस्त (सज्जाला खालून धरणारे लाकडी आधार) बसवूनही सज्जा पुन्हा झुकेल.

प्रश्न : जुन्या नाशकातले आमचे घर वीट आणि चुन्याचे आहे. काही वर्षांपूर्वी दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक रंग दिला. आता पापुद्रे सुटतात, पांढरी भुकटी येते, आतली भिंत ओली. पुन्हा सिमेंट करायचे की वेगळे काही?

सिमेंट नको. चुन्याची भिंत ओल घेते आणि बाहेर सोडतेही. वर सिमेंट आणि प्लॅस्टिक रंग बसला की ओल बाहेर पडायला जागा राहत नाही. ती आत येते, येताना विटेतले क्षार घेऊन येते. ती पांढरी भुकटी म्हणजे तेच क्षार.

सिमेंट काढताना मोठा हातोडा किंवा ब्रेकर वापरू नका; लहान छिन्नीने, जिथे पोकळ वाजते तिथून सुरुवात करा. जिथे ते विटेला घट्ट धरून आहे आणि काढताना विटेचा दर्शनी थर सोबत येतो, तिथे थांबा. ते काही वर्षांत आपोआप सुटेल. उघडी झालेली भिंत निदान एक उन्हाळा सुकू द्या.

कळीचा चुना विरवताना पाण्यात चुना घाला, चुन्यावर पाणी ओतू नका. तो उकळून उडतो, डोळे जाऊ शकतात. गॉगल आणि हातमोजे हवेतच. विरलेला चुना पाण्याखाली निदान तीन आठवडे ठेवा, जास्त ठेवला तर उत्तम. न विरलेले खडे राहिले तर गिलाव्यात महिन्यांनंतर फुटतात आणि छोटे खड्डे पडतात. मिश्रण १ भाग चुना, ३ भाग धुतलेली, खरबरीत दाण्याची वाळू. पाण्याचा मारा असलेल्या भागात वाळूचा काही हिस्सा सुरखीचा (विटांच्या भुकटीचा) घ्या. थर १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड नको. दोन थरांत आठवड्याचे अंतर ठेवा, आणि दर दिवशी भिंत हलकी ओली ठेवून ओले गोणपाट लावा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू कडक होतो; एप्रिल-मेच्या उन्हात तो त्याआधीच सुकून भुसभुशीत पडतो. हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच करा.

वर चुन्याचीच सफेदी, रंगद्रव्य घालून, दुधासारख्या पातळ चार-पाच हातांत. दोन जाड हातांनी काम उरकले की पापुद्रे धरतात. ओली सफेदी सुकल्यावर बरीच फिकी दिसते, तेव्हा रंगाचा निर्णय वाळलेल्या नमुन्यावरून घ्या. जोत्याच्या काळ्या दगडाला तैलरंग दिला असेल तर तोही काढा. ओल आधी तिथूनच बाहेर पडायची असते.

प्रश्न : मुंबईत ओव्हल मैदानासमोर १९३० च्या दशकातल्या इमारतीत आमचा फ्लॅट आहे. पावसाचा मारा होतो म्हणून बाल्कनी काचेने बंद करायची आहे.

ओव्हलच्या पश्चिमेकडच्या या इमारती २०१८ पासून जागतिक वारसा यादीतल्या मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको समूहाचा भाग आहेत. त्यांच्या दर्शनी बाजूचा सगळा जोर गोलाईच्या उघड्या बाल्कन्यांवर आणि आडव्या पट्ट्यांवर आहे. एका मजल्याने काच लावली की ती ओळ तुटते. बाल्कनी उघडी ठेवा. आतल्या दारांना चांगले रबर, उंबऱ्याला बाहेर उतार आणि बाल्कनीच्या फरशीला निचऱ्याकडे १:१०० उतार द्या. बहुतेक पाणी तिथेच अडते.

छज्ज्याचे तुकडे पडत असतील तर ते आधी बघा. खाऱ्या हवेतले क्लोराइड काँक्रीटमध्ये शिरून सळई गंजवतात. नुसते वरून प्लास्टर करून चालत नाही. सळईच्या मागपर्यंत, साधारण २० मिलिमीटर, काँक्रीट काढा, गंज चकचकीत होईपर्यंत घासा, गंजरोधक लेप द्या आणि पॉलिमर मॉर्टरने भरा. सळई फार झिजली असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने नवी जोडण्याचा निर्णय घ्यावा. आडव्या पट्ट्यांचा पत्र्याचा साचा काम सुरू होण्याआधी, शाबूत भागावरून कापून घ्या. नाहीतर दुरुस्तीनंतर पट्ट्यांच्या कडा गोल होतात आणि दर मजल्यावर वेगळ्या दिसतात.

प्रश्न : पणजीत फोंतेन्हासमध्ये आमचे घर आहे. एसीचे बाहेरचे यंत्र आणि सोलर पाणी तापवणारे पॅनेल कुठे लावावे? शिंपल्यांच्या तावदानांची एक खिडकी फुटली आहे, तिचे काय?

यंत्र रस्त्याकडच्या भिंतीवर किंवा बाल्कनीच्या कठड्याला नको. मागच्या अंगणात, जमिनीवर किंवा मागच्या भिंतीवर लावा आणि पाइप आतून न्या. एसीचे पाणी मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर टपकत राहिले तर गिलावा सुटतो, म्हणून निचऱ्याची नळी थेट गटारापर्यंत. सोलर पॅनेल मागच्या पाख्यावर, कौलांच्या उतारालाच समांतर. टाकी छपरावर न ठेवता मागे खाली ठेवता येते का ते बघा. ब्रॅकेट कौल फोडून नव्हे, वाशाला धरून लावायचे. परिसर संवर्धन क्षेत्रात असल्याने दोन्हींचे नकाशे परवानगीच्या अर्जात दाखवा.

शिंपल्यांची तावदाने आता नव्याने गोळा करू नका. तो शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. फुटलेल्या खिडकीतले शाबूत शिंपले काढून समोरच्या खिडकीत एकत्र करा आणि मागच्या बाजूच्या खिडकीला दुधी काच लावा. शिंपले लाकडाच्या बारीक पट्ट्यांच्या खाचेत सरकवलेले असतात. ते काढताना पट्टी ओली करून फुगवू नका, कोरड्या हवेत एका टोकाची खुंटी काढून पट्टी हळूच सरकवा.